सरूचे उपास

अंबरपेठला देवळामागच्या बाकावर आम्ही तिघी रोज संध्याकाळी बसतो. मी, सरू आणि चंद्रकला. सुना, गुडघे, टीव्हीतली भांडणं... किस्से इतके साचतात की निघताना अर्धे बाकावरच राहतात! सरूचे मात्र माझ्याबरोबर घरी येतात. ताटावर बसलं की आठवतात.

*

सरू आधी फक्त एकादशी धरायची. मग सोमवार धरला. मग गुरुवार, शनिवार.

चंद्रकला म्हणाली, "सरे, वार संपले की काय करशील गं?"

आम्ही तिच्या पाया पडायचंच बाकी होतं. एवढी भक्ती!

खरं काय ते तिनं मला एकटीला सांगितलं. "दोन घासांत गळ्यापर्यंत भरतं गं. उपास म्हटलं की घरात कुणी आग्रह करत नाही."

*

एकदा सकाळी गेले, तर ही मोरीत ओकत होती. पाठ चोळता चोळता बघते, तर वालाचे दाणे. अख्खे!

"वाल कधी खाल्लेस?"

"काल दुपारी..."

कालचे दाणे आज जसेच्या तसे! तिथूनच तिच्या मुलाला, विलासला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. सरू आठ दिवस माझ्याशी बोलली नाही!

*

दवाखान्यात तोंडातून नळी घालून पोट बघितलं. जखम नाही, अडथळा नाही! चंद्रकलेनं पेढे आणले. सरूनं डॉक्टरीणबाईंपुढे पुडा धरला. त्यांनी घेतला नाही.

"अम्मा, रास्ता तो खुल्ला है. फिर खाना उतरता कायकू नहीं?"

पुडा तसाच परत आला.

*

मग औषध घातलेली इडली खायला दिली. पोटातून ती कधी सरकते ते मशीनवर बघायचं.

"घ्या! आता इडलीचा पण फोटो!" चंद्रकला म्हणाली.

चार तासांनी फोटो आला. इडली बरीचशी तिथंच.

*

मग अंगभर स्कॅन. रिपोर्ट मला कुठला वाचता येतोय! मी विलासच्या तोंडाकडे बघितलं.

कॅन्सरची गाठ. बोराएवढी. तीही फुफ्फुसात! ना खोकला, ना ताप.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कभी कभी ऐसा होता अम्मा. बदन गठान से लडता, उस में पेट के नसां खराब होते. छोटी है, जल्दी पकडे."

"म्हणजे मी वाचेन ना?"

"इलाज शुरू करेंगे, अम्मा."

*

परवा एकादशी होती. आम्हा दोघींचा उपास. सरू डोक्याला रुमाल बांधून बाकावर आली. औषधानं केस गेलेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन आहे. मांडीवर वरणभाताचा छोटा डबा.

एक घास. दोन. आम्ही दोघी मोजत.

तीन. चार.

"बघताय काय गं? एकादशीला जेवते म्हणून?"

तिनं डबा निपटून खाल्ला, बोटं चाटली आणि माझ्या पिशवीकडे बघितलं.

"खिचडी आणलीयस ना? दे की थोडी."

मी माझा अख्खा डबाच तिच्या मांडीवर ठेवला!