फाटकाखालची वाट

आमच्या रस्त्याचे हाल लिहून घ्यायला कुणी पगारी माणूस ठेवतं, हे तिला पाहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझ्याच वयाची असेल. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, पायांत पांढरे बूट. रेल्वे फाटकाशी उभी राहून ती चालणारे किती, सायकलवाले किती, ते कागदावर मांडत होती. तिला पाहिलं आणि पोटात नुसतं जळलं. ज्या रस्त्यानं मी जीव मुठीत धरून डबे नेते, तिथं नुसतं उभं राहणं हे तिचं काम!

माझी शाळा सातवीत सुटली. आठवीचे वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात, आणि ओढ्याला पूल नव्हता. सातपुड्यातून इतक्या लांब, नगर जिल्ह्यात आले, ती खानावळीच्या मावशींनी डबे पोचवायला ठेवून घेतलं म्हणून. खोली दिली, सायकल दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. म्हणूनच डब्याला उशीर झाला की मला घाम फुटतो.

आणि उशीर तर ठरलेलाच. फुटपाथ दुकानदारांनी खाल्लेला. उसाच्या दिवसांत शेजारच्या देवळालीकडून ट्रॅक्टर येतात, एकेकामागे दोन ट्रॉल्या, आणि फाटक पडलं की रांग थेट बाजारापर्यंत. मग आम्ही सायकलवाले काय करतो? डब्यांच्या पिशव्या आधी पलीकडच्या माणसाच्या हातात द्यायच्या, सायकल आडवी करून फाटकाच्या दांड्याखालून सरकवायची, मग आपण वाकायचं. पलीकडचा अनोळखी असला तरी पिशव्या धरतो. रीतच आहे तशी.

"ताई, फाटक बंद असताना तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

मला रेल्वेचा दंड आठवला. "थांबते, मॅडम. उघडेपर्यंत."

मागून पाववाले काका म्हणाले, "आमी तर गाडी गेल्यावर पन जरा थांबतो. घाई कशाला!" सगळे हसले. तिनं तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती खानावळीत जेवायला आली. भाकरी मीच वाढली. "किती पातळ करता हो!" म्हणाली, तरी माझं जळणं थांबलं नाही.

मावशींनी विचारलं, "हितं काय व्हनार हाय म्हनं?"

"गाड्यांसाठी मोठा पूल. फाटक कायमचं बंद. चालणाऱ्यांना, सायकलींना रुळांखालून वेगळी वाट द्यायची का, ते आमच्या पाहणीवरून ठरेल. पण इथं सगळे निवांत थांबतात. कुणाचं अडतच नाही."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणजे भरल्या सायकलीनं ट्रॉल्यांच्या बाजूनं पुलाचा चढ चढायचा. आणि डबे वेळेत पोचले नाहीत, तर मी मावशींच्या काय कामाची? खरं सांगायलाच हवं होतं. पण खोटारडी ठरायचं, तेही हिच्यापुढे! दुसऱ्या कुणापुढे चाललं असतं.

"मॅडम, मी खोटं सांगितलं. कुणीच थांबत नाही. दंडाच्या भीतीनं बोलले."

मावशी कडाडल्या, "आगं बया! मी रोज म्हनते, पिशव्यांना काळं कसलं लागतंय, तर हे असं! आन गाडी आली म्हंजी?"

ती मुलगी मात्र चिडली नाही. हात धुऊन म्हणाली, "चला, दाखवा."

फाटक तेव्हा उघडं होतं. कडेला मी सायकल आडवी करून दाखवली. तिनंही करून पाहिली, तर हॅण्डल नडगीवर आपटलं आणि चेनचं काळं त्या पांढऱ्या बुटांना लागलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग तिनं रस्त्याचा नकाशा आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "कोण कुठून जातं, खुणा करा."

इतक्या वर्षांनी पेन्सिल धरली. एकेक खूण करत गेले. दांड्याखालून सायकली, फाटकवाल्याच्या केबिनमागच्या पडक्या भिंतीतून म्हाताऱ्या, खडीवरून शाळेची पोरं.

पाववाले काका वाकून म्हणाले, "माझीबी खून कर गं. मी डावीकडनं घुसतो."

"आणि गाडी गेल्यावर जरा थांबता, ते?" मी म्हटलं. आता तीही हसली.

कागद भरला तसा तिनं पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

"थांबा मॅडम," मी पेन्सिल न सोडता म्हटलं, "अजून दोन खुणा राहिल्यात."