लेकुरवाळी मरळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि मिलिंदला तर नाहीच — आता त्याला सांगताही येणार नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. दमलोय, एवढंच खरं.

मिलिंद माझा मित्र, केजमधला टेलर. मी शाळेत मास्तर. रविवारी आम्ही एसटीनं फाट्यावर उतरायचो आणि डोंगरातला पाझर तलाव गाठायचो — तासाभराची चढण, खांद्यावर बांबूच्या काठ्या, डब्यात गांडुळं. गळ मिलिंदच बांधायचा. माझ्या गाठी सुटतात म्हणून मलाच शाळेतल्या पोरासारखा रागवायचा. वर म्हाळूनाना मेंढरं राखायचे. आम्ही दिसलो की तीन दगडांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा ठेवायचे. मिलिंद दरवर्षी त्यांच्यासाठी एक बंडी शिवून न्यायचा. खरी दोस्ती त्या दोघांची. मी आपला बरोबर असायचो.

मिलिंदचा एक नियम होता, त्याच्या वडिलांपासूनचा. मरळीची पिल्लं पाण्यावर एकत्र फिरतात, लाल पुंजका दिसतो नुसता, आणि त्याच्या खाली आई राखण करत असते. पुंजक्यात गळाला लावलेली बेडकी सोडली की ती धावून येते — भुकेनं नाही, पिल्लांपायी. मरळ धरायची याहून सोपी रीत नाही. म्हणूनच ती वापरायची नाही. लेकुरवाळीला हात लावायचा नाही. ती गेली की दोन दिवसांत बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. तरी सांगू द्या.

आखाडात पुण्याहून मेहुणे येणार होते. डोंगरातली मरळ खाऊ घालतो, अशी मी फोनवर फुशारकी मारून बसलो होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर एकटाच वर गेलो. तीन तास गळाला काही नाही, आणि समोर तो लाल पुंजका. मागच्याच रविवारी मिलिंदनं तो मला कौतुकानं दाखवला होता. काय करू नये हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. बेडकी सोडली. पहिल्याच खेपेला आली. पिशवीत घालून वळलो तर बांधावर म्हाळूनाना उभे. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मी तसाच उतरणीला लागलो.

मेहुण्यांनी बोटं चाटली.

पुढच्या रविवारी पुंजका नव्हता. मिलिंद काठाकाठानं शोधत राहिला. झुडपात त्याला तुटक्या दोरीला लटकलेला बेडकीचा पाय सापडला. तो हातात घेऊनच मिलिंद चुलीपाशी आला. "नाना, रोज इथं तुमीच असता. तुमी काढली का?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी सांगेन म्हणून ते थांबले होते, हे मला आजही स्पष्ट कळतं. काय बिघडलं असतं? महिनाभर मिलिंद बोलला नसता, इतकंच ना?

मी गप्प राहिलो असतो, तरी एक वेळ — पण नाही. मी बोललो. "जाऊ दे बे मिलिंद," मी म्हणालो, "मेंढरामागं फिरणाऱ्याला काय कळतंय त्यातलं!"

नाना "बरं हाय" म्हणाले आणि किटली चुलीवरून उतरवली.

त्यानंतर आम्ही पलीकडच्या काठाला बसायला लागलो. बंडी बंद झाली. मिलिंद दुकानात येईल त्याला सांगायचा, नानानं लेकुरवाळी खाल्ली म्हणून. मी शेजारच्या स्टुलावर बसून मान डोलवायचो. नऊ वर्षं डोलवली.

या थंडीत मिलिंद गेला. शेवटचे पंधरा दिवस मी त्याच्या उशाशी होतो. एका दुपारी म्हणाला, "नानानं तसं करायला नको व्हतं रे." मी त्याला पाणी पाजलं.

मागच्या महिन्यात गुडघे धरत वर गेलो. नाना आता फार थकलेत. अंगात मिलिंदची जुनी बंडी होती, ठिगळं लावलेली. मिलिंद गेल्याचं सांगितलं. त्यांनी बंडीचं ठिगळ बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "गुर्जी, त्यास्नी सांगितलं का?"

काय, ते विचारायची गरज नव्हती.

"सांगितलं," मी म्हणालो.

"मंग? काय म्हनले?"

"म्हणाला, नानाची माफी माग."

म्हाताऱ्यानं पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. रडता रडता हसले. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले, "लई मोठ्या मनाचा मानूस."

मग त्यांनी चूल पेटवली, चहा गाळला आणि पहिला कप मला दिला. मी तो प्यालो.