कोरी चिप

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरात भुताखेतांना जागाच नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी देव्हारा टोपलीत घालून नदीत सोडला, आणि आई म्हणते तसं, भुतंही त्याच टोपलीतून वाहून गेली. करणी, उतारा, अंगात येणं — कुणी बोललं की मी भांडायला उठते. त्यात माझं काम एम्बेडेड प्रोग्रामिंगचं. चिपला सांगाल तेवढंच ती करते, नाही सांगितलं तर मख्ख बसून राहते. ऑफिसात एखादा ज्युनिअर "मॅडम, आपोआप झालं" म्हणाला की मी त्याला सगळ्यांसमोर धुऊन काढते.

मी कारंजा लाडला आईजवळ राहते. कंपनी पुण्याची, काम घरून. माझी मोठी बहीण — तिला वंदनाताई म्हणू, नावं सगळी बदललेली आहेत — किन्हीराजाजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा, प्रदीप भाऊजी, दारूला शिवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्या एका गोष्टीवर तो गावात भला माणूस म्हणून मिरवायचा. मारायचा ते पूर्ण शुद्धीत. भाजी खारट झाली म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून, कधी कधी तर नुसतंच. आमची आईसुद्धा आधी म्हणायची, "पीत तं नाई ना माय?" तेव्हा मला आईचाही राग यायचा.

ताई ब्लाउज शिवते, आणि फार सुरेख शिवते. एकदा मी तिला म्हटलं, चल निघून. ती म्हणाली, "निंगीन ना. हात शाबूत हायेत तवर कुठंही शिवून खाईन. पन त्याले बी हे मालूम हाय ना... म्हनून त्याचा डोळा हातावरच हाय."

त्यांच्या गोठ्यात विजेवरचं कुट्टी मशीन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — तोंडातून कडबा सारायचा, दातेरी रोलर तो आत ओढतात आणि फिरत्या चाकावरची पाती त्याचे बोटभर तुकडे करतात. कडबा कोणता आणि हात कोणता हे रोलरला कळत नाही. आमच्या भागात दर दोन-चार गावांत एखादा थोटा हात त्या मशीनचा असतो. भाऊजीची आवडती धमकी होती, "हात घालून देईन मशीनीत." मागच्या हिवाळ्यात ताईचा फोन आला. त्याने मशीन बंद असताना तिचं मनगट धरून खरोखर तोंडापर्यंत नेऊन दाखवलं होतं — असा जाईल हात म्हणून!

नवरा सुधारणं माझ्या हातात नव्हतं. सुरक्षेचा डबा बनवणं होतं. मशीनच्या तोंडावर अंगाची ऊब ओळखणारा एक सेन्सर, सेन्सरला जोडलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आणि बोर्डाच्या इशाऱ्यावर वीज तोडणारा रिले. हात जवळ आला की मोटार बंद. सामान घरात पडलेलंच होतं. बोर्ड नवाकोरा, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. प्रोग्राम तिथेच बसून लिहीन म्हटलं, बॅग भरली आणि शेलूबाजारवरून जाणारी एसटी धरली.

भाऊजी बाजाराला वाशीमकडच्या मालेगावला गेला होता. ते मशीन ज्यांनी बनवलं त्या रफिकभाईंना मी मंगरूळपीरहून बोलावून घेतलं होतं. लोखंडात भोकं पाडणं आणि विजेचं जोडकाम त्यांचं. डबा बसवून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, बराबर समजून घ्या. हा डब्बा फक्त बंद करते. चालू करायचं तं भिंतीवरचं हिरवं बटनच दाबा लागन. आनि लाइट तुटली तरी चाक लगेच थांबत नाई, वजनानं फिरतच राह्यते. म्हनून सेन्सर जरा दूरच लावला." मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यांना दुसरीकडे काम होतं, ते गेले.

राहिला प्रोग्राम. इथे माझी खरी फजिती. चिपचा प्रोग्राम लिहायचा लॅपटॉपवर, पण लॅपटॉपची भाषा वेगळी, चिपची वेगळी. म्हणून लॅपटॉपवर आधी एक अख्खा कारखाना मांडावा लागतो, जो इथे बसून तिथल्या भाषेत माल काढतो. त्याला टूलचेन म्हणतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरची कामं चालत नाहीत आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर काहीच नव्हतं. ओसरीवर बसून मोबाइलच्या नेटवर डाउनलोड लावलं — अर्ध्यात तुटलं. पुन्हा लावलं. कसंबसं उतरलं तर त्यातला तुकडे जोडणारा लिंकर म्हणे अमुक फाइल सापडत नाही. ती फाइल शोधून दिली तर लायब्ररी दुसऱ्याच चिपची निघाली. मी शिव्या घालत होते. आतून ताई हसून म्हणाली, "काँप्युटरले बी आपल्यासारखंच बोलतं का व तू?"

चिप अजून कोरीच होती. कोरी चिप म्हणजे ड्रायव्हर नसलेली एसटी, आपल्या जागेवर उभी. रिलेला ती काही सांगणार नाही, मशीन नेहमीसारखं चालणार. म्हणून ताईने हिरवं बटन दाबलं आणि गुरांची कुट्टी करायला घेतली. ऊन चांगलं वर होतं. मी स्क्रीनवरच्या लाल ओळींशी झगडत बसले.

भाऊजी कधी आला ते कळलंच नाही. गोठ्यातून आवाज आला.

"हे काय लावलं व माह्या मशीनले?"

"बहिनीनं लावलं, करुणानं. हाताच्या सेफ्टीचं हाय."

"कोनाच्या हाताच्या? मी काय करून राह्यलो तुह्या हाताले, आँ?"

मग थप्पड. आणखी एक. मी लॅपटॉप टाकून धावले.

त्याने तिची वेणी एका मुठीला गुंडाळली होती आणि दुसऱ्या हाताने तिचं उजवं मनगट मशीनच्या तोंडात सारत होता. मशीन चालू होतं. तो ओरडत होता, "पाहू दे तं तुही सेफ्टी! पाहू दे कशी बंद होते तं!"

मी तिला वाचवायला म्हणून तो डबा आणला होता, आणि त्या डब्यानेच तिचा हात तिथे नेला होता. डबा कोरा आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी किंचाळले, "भाऊजी, त्याच्यात काहीच नाही! रिकामा आहे डबा! बंद नाही होणार!"

"आता रिकामा झाला काय?" म्हणून तो हसला.

कोपऱ्यात फावडं होतं. मी ते उचलून दांड्याने त्याच्या पाठीत हाणलं. खोटं कशाला बोलू, डोक्यातच हाणायचं होतं, नेम चुकला. त्याने ताईला न सोडता कोपर फिरवलं आणि ते माझ्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. तोंड रक्ताने भरलं आणि तेवढ्यात बांगड्या फुटल्याचा आवाज आला. ताईने मूठ मागे मुडपून धरली होती आणि मनगटावरच्या बांगड्या रोलरने पकडल्या होत्या.

आणि — टक्.

रिलेचा आवाज. हजारदा ऐकलेला आहे मी, चुकायची शक्यताच नाही. मोटार बंद पडली. इथपर्यंत एक वेळ ठीक. पण चाकसुद्धा थांबलं... गरगरत, हळूहळू नाही. कुणी दोन्ही हातांनी धरल्यासारखं जागच्या जागी. पट्टा किंचाळला आणि गोठ्यात जळक्या रबराचा वास भरला.

मी ताईला कमरेला मिठी मारून ओढलं. तिचा हात बाहेर आला. मनगट सोलवटलेलं, बोटं सगळी होती. आम्ही दोघी कडब्याच्या ढिगावर पडलो आणि मी तिचे दोन्ही हात माझ्या छातीशी घट्ट धरून ठेवले. हे नीट लक्षात घ्या. तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते. बटन समोरच्या भिंतीवर होतं आणि आमच्या मध्ये मशीन होतं.

भाऊजी मशीनकडे वळला. मग म्हणाला, "काहून बंद पडली साली..." आणि आमच्याकडे सगळेच करतात तेच त्याने केलं. मेन स्विच न काढता अडकलेला कडबा उपटायला हात आत घातला.

मशीन सुरू झालं.

आधी टक् नाही, काही नाही. एकदम पूर्ण वेगात. त्याचा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. मशीनच्या मागच्या बाजूने पिवळी कुट्टी पडत होती ती लाल पडायला लागली, एवढं पुरे. मी उठून ढिगावरून, मशीनला वळसा घालून धावले आणि लाल बटन दाबलं. आता मात्र ते नेहमीसारखं थांबलं, चाक गरगरत, दम घेत घेत. त्या माणसाचा मला कितीही राग असला तरी तेव्हा मी ओढणीने त्याचा हात करकचून बांधला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडी येईपर्यंत बसले.

वाशीमच्या दवाखान्यात जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आल्या आल्या तो पोलीस जमादाराला म्हणाला, "हिनंच बटन दाबलं. माह्या बायकोनं." ताई दाराशी उभी होती, मनगटाला पट्टी. नवऱ्याचा हात मशीनमध्ये असताना बायकोने बटन दाबलं... याचा अर्थ काय होतो ते जमादाराला समजवायची गरज नव्हती. मी सांगितलं, तिचे हात माझ्या हातात होते. ते म्हणाले, "तुमी तिच्या सख्ख्या बहीन. तुमी दुसरं काय सांगसान?"

मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमी इंजिनेर आहा. मशीन आपोआप चालू होऊ शकते काय?"

आदल्या संध्याकाळी मी ती चिप काढून वाचली होती. वाचायला टूलचेन लागत नाही, एक छोटं सॉफ्टवेअर पुरतं. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकच आकडा होता, रिकाम्या मेमरीत असतो तो. कारखान्यातून आली तशीच कोरी. त्या डब्याने रिलेला इशारा देणं अशक्य. आणि दिला असता तरी त्या रिलेने मशीन फक्त बंदच झालं असतं, सुरू होणं शक्यच नव्हतं. प्रामाणिक उत्तर एकच होतं — नाही. आणि ते उत्तर माझ्या बहिणीला आत टाकणारं होतं.

मी म्हटलं, "होऊ शकते. माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती. चूक माझी आहे."

जमादारांनी रफिकभाईंकडे पाहिलं. त्यांना बोलावून घेतलं होतं. वायर त्यांच्याच हाताने जोडलेली, त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं म्हणणं खरं धरलं तर त्यांच्या मशीनचं नाव बद्दू होणार, हेही ठाऊक होतं. त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव साहेब, होते असं. इलेक्ट्रॉनिक चीजचा काय भरोसा?"

बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "स्टार्टर खोलून पाह्यला मी. पट्टा जळेल हाय, बाकी एक बी वायर इकडची तिकडं नाई. ताई, चालू कोनं केली?"

"मला माहीत नाही, भाई."

"मंग राहू द्या. आपल्याले माहीत नाई, तं नाई."

प्रकरण अपघातावर मिटलं. बायकोचं मनगट का सोललं हे सांगावं लागलं असतं, म्हणून भाऊजीनेही पुढे ताणलं नाही. ताई शिलाई मशीन घेऊन कारंज्याला आली ती आलीच. आता तिच्याकडे ब्लाउजसाठी थांबावं लागतं एवढं काम आहे.

मी नंतर ती टूलचेन व्यवस्थित बसवली, प्रोग्राम लिहिला, तसाच दुसरा बोर्ड घेऊन शंभर तऱ्हेने तपासला. हात जवळ नेला की रिले टक् करून वीज तोडतो. बास. सेन्सर खराब, वायर सैल, विजेचा झटका, एकाच वेळी सगळं बिघडलं असंही धरून पाहिलं. मित्रांना विचारलं. बंद होण्यासाठी तरी काही ना काही कारण ओढूनताणून सापडतं. चाक जागीच थांबण्याला आणि मशीन पुन्हा सुरू होण्याला कुणाकडेच काही नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही.

हे आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात भाऊजी आमच्या दारात आला. न्यायला आलो म्हणाला. मी दार लावायला धावले, पण ताईने मला बाजूला सारलं. उंबऱ्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरून म्हणाली, "धर. धरून पाहाय. माह्या बहिनीनं अख्ख्या घराले तसाच प्रोग्राम लावून ठेवला हाय."

त्याची नजर भिंतीवरच्या वायफायच्या डब्यावर गेली. त्याचा दिवा लुकलुकत होता. तो मागे सरला आणि निघून गेला. त्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ताई वळून हसली. लग्नानंतर ती इतकी मोकळी हसलेली मला आठवत नाही. म्हणाली, "आता मले कोनाचंच भेव नाई. तुहा प्रोग्राम हाय ना."

मी हो म्हटलं. त्या दिवशी डबा रिकामा आहे म्हणून मी ओरडले ते भाऊजीला थांबवायलाच, असं ती धरून आहे, आणि मी तिला खरं सांगितलेलं नाही. तो पुन्हा येईल, आणि ताई पुन्हा अशीच हात पुढे करून उभी राहील. त्या दिवशी तिला कुणी वाचवलं ते मला माहीत नाही... पुन्हा वाचवेल की नाही, हेही माहीत नाही.