लाळेरं

घशावर महिनाभर रेडिएशन झालं आणि ह्यांच्या तोंडातली लाळच आटली. मऊ भातसुद्धा तोंडात कोरड्या भुश्यासारखा फिरत राहतो. डॉक्टर म्हणाले, "लाळेच्या ग्रंथी जळल्यात. आता पाण्याच्या घोटावरच भागवा."

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. संस्कृतातली 'लाला', तिची झाली लाळ, आणि लाळेवरून बाळाच्या गळ्यात बांधायचं लाळेरं. आयुष्यभर ज्याची किळस केली, त्याच्यावाचून एक घास खाली उतरत नाही, हे मात्र कोशात कुठेच नव्हतं.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "लहानपणी किती लाळ गळायची गं ह्याची! मला चिंचेचे डोहाळे लागले होते, कुणी पुरवले नाहीत. डोहाळे राहिले की पोर लाळ गाळतं. दिवसाला सहा-सहा लाळेरी पिळायचे मी."

मला रागच आला. ऐंशी वर्षांच्या झाल्या, तरी मुलाचं सगळं स्वतःच्याच माथी घेतात.

काल दुपारी त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक लाळेरं काढलं. पिवळं पडलेलं. माठातल्या पाण्यात बुडवून ते ह्यांच्या फुटलेल्या ओठांवर टेकवलं.

"चोख, बाळा."

पंचावन्न वर्षांच्या माणसानं डोळे मिटून ते फडकं चोखलं. बराच वेळ.

मग सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि जुन्या सवयीनं पिळलं. एक थेंबही पडला नाही.