धर्माची पानथरी

बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला गाळ कितीही उपसा, दुसऱ्या सालाले तेवढाच साचते. आमच्या ढिवर मोहल्ल्यात धर्माच्या पोटाचे किस्से तसेच साचले आहेत.

धर्मा म्हणजे माहा मासोळीच्या जाळ्यातला जोडीदार. एक टोक त्याच्या हाती, दुसरं माह्या. त्याची लिव्हर निबर झाली, जून वांग्यावानी. अन् डाव्या बरगडीखालची पानथरी, डॉक्टर जिले प्लीहा म्हणते ते, फुगून पार बेंबीशी आली. मी अन् त्याची बायको पार्बता त्याले आरमोरीहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो.

*

डॉक्टरनं सदरा वर केला. पोटावर जुने काळे डाग!

"हे काय?"

"पानथरीसाठी मायनं लहानपणी डागलं होतं, सायेब."

"मग? गेली पानथरी?"

"पानथरी राह्यली. रडणं गेलं!"

*

"दारू किती पिता?"

"थेंब नाई."

डॉक्टरनं पार्बताकडे पाह्यलं. तिनं गळ्याची शपथ घेतली. मंग रक्त तपासलं, तर जुनी कावीळ अंगात मुरलेली निघाली.

धर्माले लय वाईट वाटलं. "सारं गाव मोहाची पिते, अन् निबर माही एकट्याची? सायेब, आता सुरू करू का?"

"खबरदार!" डॉक्टर अन् पार्बता एकदमच ओरडले.

*

पानथरी काढायचं ठरलं. धर्मानं इचारलं, "पानथरी काढल्यावर लिव्हर कशी सुधरन गा? ते तर दुसऱ्या बाजूले आहे!"

डॉक्टर मोठा समजदार माणूस. म्हणे, "पानथरी म्हणजे भांडखोर शेजारीण. तिच्याकडून रक्ताचा लोंढा लिव्हरवर येते, अन् निबर करणारा मालही येते. ती गेली की दगडफेक थांबू शकते. छपराचे फुटलेले कवेलू मात्र सारे जुळत नाईत. कोणाकोणाचे थोडे जुळतात. गॅरंटी नाई."

धर्मा म्हणे, "आहे तेवढ्या कवेलूत राहीन मी. पावसाळा निघाला म्हणजे झालं."

पार्बतानं पदर तोंडाले लावला.

*

वडशाच्या नाटक कंपनीचा मॅनेजर दवाखान्यात भेटाले आला. धर्मा हिवाळ्यात त्याच्या नाटकात राजा व्हायचा.

"धर्माभाऊ, सीजन झाल्यावर काढ ना बाप्पा! असं राजाचं पोट मी कुठून आणू?"

पार्बता म्हणे, "उशी बांधा."

"बाई, उशीले पार्ट पाठ करावा लागन!"

"मंग तुम्हीच बांधा पोटाले, अन् तुम्हीच व्हा राजा!"

मॅनेजर आणलेले केळे ठेवून निघून गेला.

*

ऑपरेशन पार पडलं. साल उलटलं. तपासणीले परत तिघंही गेलो. आता लिव्हर थांबली का पुढं गेली, तेच कळायचं होतं. पार्बता सकाळपासून पाणी नव्हती प्याली.

डॉक्टरच्या मांगं एक शिकाऊ डॉक्टरीण होती, नवीन. डॉक्टर तिले म्हणे, "दाबून सांग." तिनं डाव्या बरगडीखाली बोटं रोवली, डोळे मिटले.

"सर, पानथरी मोठी आहे. दोन बोटं."

पार्बता किंचाळली, "आं? पुन्हा उगवली का वो?"

"मी सोताच्या हातानं काढली आहे!" डॉक्टर गरजले. पोरगी लालेलाल. मंग त्यायनं सोनोग्राफीचा फोटो उजेडात धरला, लय वेळ पाह्यला. "धर्मा, लिव्हर पुढं नाई गेली. थोडी नरमच वाटून राह्यली."

पार्बता तिथीच फरशीवर बसली अन् रडाले लागली.

डॉक्टर परत त्या पोरीकडे वळले. धर्मानं हात जोडले.

"तिले नका बोलू, सायेब. इतके साल पानथरी तिथी राह्यली... जागेची सवय नसन गेली!"