पंचनाम्याआधी झाडलेलं वावर

माझ्या सासऱ्यांवर माझा अजून राग आहे. माणूस देवभोळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी आहे!

वादळाने आमची केळी झोपवली तेव्हा नवरा सुरतेला नोकरीवर होता. तापीकाठचं ते वावर सासरे आणि मीच बघायचो. अर्ध्याहून जास्त झाडं घडांसकट आडवी, बाकीची कलंडलेली. सरकारी मदत आली तर नवी रोपं लावायची, नाहीतर वावर शेजाऱ्याला खंडाने देऊन टाकायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. मला ते द्यायचं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे हात त्याच मातीत होते.

पंचनाम्याला तलाठी दुसऱ्या दिवशी येणार, असा निरोप आला. तेवढ्यात मुलीला ताप भरला, म्हणून मी तिला शहाद्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी येऊन वावरात बघते तर काय! पडलेली सगळी खोडं मजुरांकडून नाल्यात टाकलेली. कलंडलेल्या झाडांना बांबूचे टेकू. खाली पान म्हणून नाही.

"बाबा, हाई काय करी ठेवं तुम्ही?" मी ओरडलेच.

"सायेब ई ऱ्हायनात ना, पोरी. पाव्हना येतस तं आंगन झाडतस ना?"

आता या माणसाला काय म्हणावं? जन्मभर अस्ताव्यस्त वावर त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं. नेमकं तेच दाखवायचं होतं, एवढं डोक्यात शिरेना.

तलाठी आला, मोबाइलवर फोटो काढत फिरला. मी त्याला हाताला धरून न्यावं तसं नाल्यापर्यंत नेलं. "ही तुमचीच कशावरून? अख्खा गाव इथेच टाकतो," तो म्हणाला. टेकूवरची झाडं मुळातून तुटलीयत, आठवडाभरात पडतील, असं मी घसा फोडून सांगितलं. "ताई, आज उभी आहेत. मी दिसेल तेच लिहिणार." रिकामी झालेली जागा त्याने पडीकच धरली. नुकसान तिसऱ्या हिश्शाच्या आत, म्हणजे मदत नाही. जाता जाता सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, वावर ठेवावं तर असं!" आणि म्हातारा फुलला हो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेजाऱ्याने पानसुद्धा उचललं नव्हतं, बाजेवर पडून होता. त्याची मदत आली. आमची टेकूवरची झाडं पुढच्याच आठवड्यात कोसळली. तलाठ्याला फोन केला, तर पंचनामे संपले म्हणे.

मग ठरल्याप्रमाणे वावर शेजाऱ्याला द्यायचं झालं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं म्हणून तिकडे गेले. सासरे एकटेच वाकून एक कुजकं खोड बांधाकडे ओढत होते. मागचा सगळा पट्टा त्यांनी लख्ख केलेला.

"आते कोन्हाकरता, बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. "सकाय तो ई. दुसराना हातमा असं वावर देतस का?"

खोडाचं दुसरं टोक माझ्या पायाशी होतं. मी धरलं नाही. बांधावर उभी राहून मोठमोठ्याने रडले, तोंडाला येईल ते बोलले. म्हातारा ऐकत होता, आणि ओढत होता.