तांब्याशेजारी ॲल्युमिनियम

“गंगा कुठं पळत नाही हो, आधी नट बघू द्या.”

कुणाच्याही गच्चीवर गेले की काका हेच म्हणायचे. खाली अहिल्याबाई घाट, नावा, कोवळं ऊन. बाकीचे हात जोडून उभे, आणि हे गृहस्थ पाण्याच्या टाकीपाशी उकिडवे बसून नखानं नट खरवडताहेत! असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. लग्नाला गेला की आधी मांडवाचा खांब हलवून बघणारा.

बँकेनं माझी बदली बनारसला केली तेव्हा दूधविनायक मोहल्ल्यात त्यांच्याच घरी मी भाड्यानं राहिलो. काका रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. घरात ते आणि त्यांच्या विधवा वहिनी. काकांची आई लवकर गेली. वहिनींनीच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. साठी उलटलेल्या या माणसाला त्या “अरे ए” अशी हाक मारत, आणि हातातला घास टाकून तो धावत जाई.

नव्वद सालानंतर कधीतरी काकांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवलं. मोहल्ल्यातलं पहिलंच. लाइट गेली तरी वहिनींचा पंखा फिरावा, एवढाच हेतू. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची. तिला अर्थिंगची, म्हणजे चुकून आलेला करंट जमिनीत नेणारी, तार जोडायची वेळ आली, तशा वहिनी पुढे झाल्या.

“तार कशाची?”

“लोखंडाची. जस्त चढवलेली.”

“सूर्यनारायणाच्या कामाला लोखंड? काही अक्कल? तांबंच पाहिजे.”

ठठेरी बाजारातून तांब्याची तार आली. वहिनींपुढे रेल्वेचे नियम चालत नसत.

बरं, तेवढ्यावर भागावं की नाही! पण घाटावरून स्नान करून आल्या की वहिनी गच्चीवर अर्घ्य देत. आता सूर्य साक्षात पॅनेलमध्ये चमकत असताना पाणी दुसरीकडे कशाला घालायचं? तांब्या थेट पॅनेलवर रिकामा होऊ लागला. थोड्याच दिवसांत जोडाला पांढरा भुगा धरला.

“तांबं आणि ॲल्युमिनियम कोरडे आहेत तोवर गुण्यागोविंदानं नांदतात,” काका मला म्हणाले. “मध्ये पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मग अर्थिंग नुसतं दाखवायला.”

“मग वहिनींना सांगा ना, पाणी जरा बाजूला घाला म्हणून.”

“तुम्ही सांगता?”

मी कशाला सांगतोय! मला त्या घरात राहायचं होतं.

शेवटी काकांनी तारेच्या टोकाची चपटी कडी घेतली आणि कल्हईवाल्याकडे गेले. तो विचारतो, “बर्तन कहाँ है, बाबूजी?” काका म्हणाले, हेच बर्तन. कल्हई नसली की तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, तसंच हे. कडीला कल्हई झाली, कडी आणि चौकट यांच्यामध्ये स्टीलचा वायसर आला, वरून ग्रीस. तरी दर आठवड्याला नट सोडून, पुसून, पुन्हा आवळणं चालूच.

“अरे, इतक्या वेळा मुली बघायला गेला असतास,” वहिनी म्हणत, “तर आज नातवंडं असती.”

एका सकाळी मी गच्चीवर दात घासत होतो. वहिनी ओल्या पायांनी आल्या आणि एक हात चौकटीवर टेकून पाणी घालू लागल्या. तेवढ्यात कठड्यावरून माकडानं उडी घेतली आणि गच्चीवरच्या दिव्याची वायर ओढून तोडली. तुटलेलं टोक चौकटीवर पडलं. खाली मेन बोर्डात फट्‌कन आवाज झाला आणि घरातली लाइट गेली.

“हट्, मेल्या!” वहिनी माकडावर ओरडल्या. मग जिन्यातून धावत आलेल्या काकांवर घसरल्या, “झालं! तुझं काही ना काही बिघडतंच. धड अर्घ्यही देऊ देत नाहीस.”

काकांनी उघडी वायर बघितली, चौकट बघितली, चौकटीवरचा तो सुरकुतलेला ओला हात बघितला.

“फ्यूज बांधतो, वहिनी. तुम्ही खाली चला.”

त्या गेल्यावर ते तिथंच पायरीवर बसले.

“जोड पाण्यानं खाल्लेला असता, तर फ्यूज उडाला नसता. करंट वहिनींमधून गेला असता.” मग माझा हात धरून म्हणाले, “त्यांना सांगू नका हं. शपथ आहे. भीती बसली, तर अर्घ्य सोडतील. त्यांना दुसरं आहे काय?”

त्याच दिवशी दिव्याची वायर त्यांनी लोखंडी पाइपातून दूर फिरवून घेतली.

काका पुढं दोन-तीन वर्षांत गेले, झोपेतच. सुतक फिटल्यावर वहिनी पुन्हा तांब्या घेऊन वर आल्या. ऐंशीला टेकलेल्या, पण ठणठणीत. मी तिथंच होतो. पाणी घालून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“गुणाचा होता हो पोरगा,” त्या म्हणाल्या. “पण एवढं शिकून काय केलंन? सारा जन्म एक नट पुसत बसला.”

सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण शपथ होती.

“हो ना,” मी म्हणालो.